मध्ययुगाचें शिक्षण कोठें घ्यावें?

आमच्या निकटच्या एका कुटुंबांत सध्यां एक वाद चालू आहे. घरची कन्या इतिहास घेऊन बी. ए. झाली असून युरोपच्या मध्ययुगाचा अभ्यास पुढें करावयाचा असा तिचा निश्चय आहे. आजोबांची संमति आहे; काकांनीं पैशाची तजवीज अंगावर घेतली आहे. अडलें आहे तें विद्यापीठ कोणतें, येथेंच. काकांनीं जगांतील नामांकित विद्यापीठांची क्रमवारी पुढें ठेवून वरून खालीं बोट फिरविण्यास प्रारंभ केला, आणि मग आमचें मत विचारण्यांत आलें.

क्रमवारीवर आमची भिस्त नाहीं. तो क्रमांक साऱ्या विद्यापीठाचा. तेथें लॅटिन कशी शिकवितात हें त्यावरून कळत नाहीं. आणि या विषयांत सर्व कांहीं लॅटिनवर येऊन ठेपतें. सुमारें ५०० पासून १५०० पर्यंतच्या सहस्र वर्षांतील पश्चिम युरोपच्या मठांतील बखरी, धर्मपीठांचे निवाडे, जमिनींचीं दानपत्रें बहुतांशीं त्याच भाषेंत आहेत. शिवाय हस्तलिखितें संक्षेपांनीं भरलेलीं. अक्षरावर आडवी रेघ दिसली कीं पुढचें कांहीं गाळलें आहे असें समजावें. ज्यांनीं मोडीचें दप्तर उघडलें आहे त्यांस ही अडचण निराळी सांगावयास नको. केवळ भाषांतरें वाचून पदवी मिळेलही; अभ्यास होणार नाहीं.

म्हणून आम्हीं प्रथम टोरांटोचें नांव घेतलें. तेथें १९२९ मध्यें एत्येन जिल्सन यांच्या पुढाकारानें मध्ययुगाच्या अध्ययनाची संस्था निघाली, आणि विद्यापीठाचें स्वतंत्र केंद्र १९६४ पासून आहे. तेथील लॅटिनच्या परीक्षेच्या दोन पायऱ्या असून तिचा धाक प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत यॉर्कचें केंद्र १९६८ चें. इतिहास, वाङ्मय, कला व पुरातत्त्व तेथें एकत्र शिकवितात, आणि यॉर्कच्या आर्चबिशपांचीं जुनीं दप्तरें विद्यापीठाच्याच बॉर्थविक अभिलेखागारांत आहेत. मात्र एम्. ए. एका वर्षाचें. त्यांत लॅटिन मुळापासून शिकून प्रबंधही लिहावयाचा, हें आम्हांस घाईचें वाटतें. काकांजवळच्या एका जुन्या पुस्तकांत बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन विद्यापीठाची शिफारस होती; पण हंगेरींतील २०१७ च्या कायद्यानंतर त्या विद्यापीठाचें अध्यापन व्हिएन्नास गेलें. पुस्तक कोणत्या सालचें, हें अशा वेळीं आधीं पाहावें.

“एवढें शिकून पुढें काय?” हा प्रश्न काकूंनीं विचारला, आणि तो टाळण्याजोगा नव्हता. प्राध्यापकाच्या जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. अभिलेखागारें व ग्रंथालयें यांतून कांहींची सोय लागते, इतकेंच आम्हांस प्रामाणिकपणें सांगतां आलें. कन्या तेथेंच बसली होती. तिनें मान हालविली, निश्चय हालला नाहीं.

शेवटीं असें ठरलें कीं, जाण्यापूर्वीं एक वर्ष तिनें घरींच लॅटिनचें व्याकरण करावें. लहानपणीं आजोबांनीं रूपावलि पाठ करून घेतलेली आहे. संबोधन धरून आठ विभक्ति जिनें घोकल्या तिला लॅटिनच्या सहांचें भय वाटूं नये. दोन्ही ठिकाणच्या अध्यापकांस तिनें पत्र लिहावें: माझ्या विषयाला मार्गदर्शन कोण करील, आणि त्या वर्षीं ते रजेवर तर नसतील ना? उत्तरें येईपर्यंत काकांनीं पैसे भरूं नयेत, असें आम्हीं बजावलें आहे.