सैनिकाच्या अंत्यविधीला जरूर जा, पण घोषणा देऊ नका

अमेरिकेतल्या मराठी बंधुभगिनींनो,

आपल्या शहरात एखाद्या सैनिकाचा अंत्यविधी आहे आणि कॅन्ससच्या वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्चची मंडळी तिथे फलक घेऊन येणार आहेत असे कळले, तर घरी बसू नका. जवानाचे पार्थिव आले की दुकाने बंद ठेवून रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गावांमधून आपण आलो आहोत. मात्र निघण्यापूर्वी इथला कायदा समजून घ्या. तो त्यांच्याइतकाच आपल्यालाही बांधतो.

२००६ मध्ये इराकमध्ये मरण पावलेल्या मॅथ्यू स्नायडर या मरीन सैनिकाच्या मेरीलँडमधील अंत्यविधीवेळी या चर्चची सात माणसे आली. सैनिक मेले याबद्दल देवाचे आभार मानणारे फलक त्यांच्या हातात होते. अमेरिका समलिंगी माणसांना सामावून घेते म्हणून देव ही शिक्षा देतो, असे त्यांचे म्हणणे. वडिलांनी दावा लावला, ज्युरीने लक्षावधी डॉलरची भरपाई मंजूर केली. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी चर्चच्या बाजूने निकाल दिला. निदर्शक सार्वजनिक जागेवर, अंत्यविधीच्या चर्चपासून सुमारे १,००० फुटांवर, पोलिसांनी सांगितले तिथेच उभे होते आणि त्यांचा विषय सार्वजनिक होता. त्या बापासाठी जीव तुटतो. तरीही निकाल बरोबर होता असे मला वाटते. आज हा किळसवाणा फलक हिसकावण्याची मुभा सरकारला दिली, तर उद्या युद्धाला विरोध करणाऱ्या एखाद्या आईच्या हातातलाही फलक जाईल.

फलकावर काय लिहावे हे कायदा ठरवत नाही. तो अंतर आणि वेळ ठरवतो. २००६ च्या कायद्याने विधीच्या आधी आणि नंतर एकेक तासाची मर्यादा घातली होती. २०१२ मध्ये ती दोन-दोन तासांची झाली. या वेळात लष्करी अंत्यविधीच्या जागी किंवा तिची हद्द ये-जा करण्याच्या वाटेला मिळते तिथून ३०० फुटांच्या आत निदर्शने करून शांतता बिघडवणे, किंवा ५०० फुटांच्या आत वाट अडवणे, हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते स्थानिक पोलिसांना विचारा.

तेव्हा त्या मंडळींना ओरडून उत्तर देऊ नका, फलक ओढू नका, अंगावर जाऊ नका. ३०० फुटांच्या आत आपली घोषणाही त्या सैनिकाच्या आईच्या कानावर गोंगाट म्हणूनच पडेल. २००५ पासून मोटारसायकलींवरून येणारे पेट्रियट गार्ड रायडर्स कुटुंबाने बोलावल्यावरच येतात आणि झेंडे धरून मधे उभे राहतात. आपणही आधी अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांमार्फत कुटुंबाला विचारू या. त्यांनी हो म्हटले तर सांगतील तिथे, निदर्शकांकडे पाठ करून उभे राहू. त्यांना फक्त आप्तच हवे असतील, तर जाऊ नये. मुलांना नेणार असाल तर त्या फलकांवर काय लिहिलेले असते ते घरीच सांगा, आणि तिथे फोटो काढू नका.