फ्लशच्या टाकीतली बाटली

“स्वतः गटारात लोळून आलेला माणूस दुसऱ्याला काय बाहेर काढणार?” दादाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारुड्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगला न्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या काकांनी हे विचारलं होतं. काकांचा दादावर जीव. त्याला आता चार चांगल्या माणसांची संगत लागावी, दारुड्यांची नको, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे हाच आक्षेप मी प्राध्यापकांकडून ऐकला, डॉक्टरांकडूनही ऐकला. भाषा सभ्य झाली, मुद्दा तोच राहिला.

या आक्षेपाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. व्यसनी माणसाला कळत नाही, आणि कुणा जाणत्यानं समजावलं की तो थांबेल, ही ती समजूत. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातले बॉब स्मिथ शल्यचिकित्सक होते. दारूनं शरीराची काय माती होते, हे त्यांना कोण शिकवणार? तरी सुटत नव्हती. १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन त्यांना भेटला. त्याला दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, धंद्याचं काम फिसकटलेलं, परक्या गावी हॉटेलात एकटा, आणि लॉबीत बारचा गलबला ऐकू येतोय. आपण वाचावं म्हणून तो दुसरा दारुडा शोधत होता! बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसून राहिले. बिलनं उपदेश टाळला, स्वतःची हकीकत सांगितली. बॉब यांचा शेवटचा पेला १० जूनचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आपला स्थापनादिवस तोच मानते. काकांचा प्रश्न इथं उलटा होतो, कारण काढणारा आणि निघणारा दोघंही एकाच दोराला लटकून वर आले.

दादाच्या मीटिंगा एका शाळेच्या वर्गात व्हायच्या. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. सात महिन्यांनी दादाची स्लिप झाली, म्हणजे त्यानं पुन्हा घेतली, आणि मी त्याला ओढतच तिथं नेलं. घरी आम्ही सगळ्यांनी त्याला एकच विचारलं होतं, “का केलंस?” तिथल्या एका रिक्षावाल्या काकांनी विचारलं, “लपवली कुठं होतीस?”

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “फ्लशच्या टाकीत.”

“माझी तांदळाच्या डब्यात असायची,” ते म्हणाले. “आत्ता आहे का टाकीत?”

दादानं मान हलवली. मी अख्खं घर पालथं घातलं होतं, टाकीचं झाकण तेवढं उचललं नव्हतं. त्या रात्री ते काका रिक्षानं आमच्याकडे आले, दादाच्या हातानंच बाटली मोरीत ओतवली आणि चहा न घेता गेले. हे काम मला जमलं नव्हतं, आमच्या डॉक्टरांना जमलं नसतं. त्यासाठी तांदळाच्या डब्यात हात घातलेला माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेनं २०२०मध्ये २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसांची माहिती एकत्र तपासली. रुग्णाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार, दारूपासून सलग पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. मनोविकारांमधल्या स्वमदत गटांबद्दलचा पुरावा इतका भक्कम नाही, हे मी मान्य करतो. पण पुण्यातल्या अशा गटांनी रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायला सुरुवात केली. ज्या आईनं वर्षानुवर्षं मुलाचा स्किझोफ्रेनिया शेजाऱ्यांपासून लपवला, तिला असं नाव धारण करून दुसऱ्या आईशेजारी बसता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. “मी गोळ्यांशिवाय बरा झालो, तूही सोड,” असं सांगणारा सोबती घातक असतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथं डॉक्टरच हवा. म्हणून मला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची रीत पटते. १९८६मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र उभं राहिलं. डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ, तरी त्यांनी आणि अनिल अवचटांनी व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच कामात घेतलं. औषधाची ट्रॉली आणि अनुभवी मित्र एकाच वॉर्डात. भांडण लावायचंच कशाला?

आमचे काका आता नाहीत. दादाला दारू सोडून नऊ वर्षं झाली. गेल्या महिन्यात रात्री अकराला त्याचा फोन वाजला. पलीकडे कोण होतं, मला ठाऊक नाही. दादानं चपला घालता घालता एवढंच विचारलेलं मी ऐकलं, “आत्ता कुठं ठेवलीयस?”