गोवंडीतून हटवा, पण कोठे?

मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी येथे 2009 साली रुग्णालयांचा कचरा जाळण्याचा प्रकल्प सुरू झाला. शस्त्रक्रियेत कापून काढलेले अवयव, रक्ताने माखलेले बोळे, मुदत संपलेली औषधे असा सारा ऐवज शहरभरातून तेथे येऊ लागला. ज्या घाणीपासून रुग्णाला दूर ठेवण्यासाठी रुग्णालय एवढी दक्षता घेते, तिचा धूर दाट वस्तीतल्या निरोगी मुलांच्या वाट्याला आला. रहिवाशांच्या संघटनेने अखेर न्यायालयाचे दार ठोठावले. सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रकल्प दोन वर्षांच्या आत रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात हलवण्याचा आदेश दिला. सामान्य माणसांच्या चिकाटीचे हे यश आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि या यशाच्या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. खालापुरात माणसे राहत नाहीत काय?

हा प्रश्न पुढे करून गोवंडीकरांनाच स्वार्थी ठरवणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘प्रत्येकाला सोयी हव्यात, पण घाण मात्र शेजाऱ्याच्या दारात,’ असा उपदेश ते करतात. कचऱ्याशेजारी राहायला गेलातच कशाला, असेही वर विचारतात. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. देवनारच्या मैदानावर 1927 पासून मुंबईचा कचरा पडत आला. वांद्र्याचा कत्तलखाना 1971 मध्ये देवनारला आला. त्याच दशकात शहरातील फुटपाथांवरून आणि झोपड्यांतून उठवलेल्या माणसांना या मैदानालगत शिवाजीनगर, बैंगनवाडी येथे जागा आखून देण्यात आल्या. आणीबाणीच्या काळात, 1976 साली, अणुसंशोधन केंद्राला लागून असलेली जनता कॉलनी जमीनदोस्त करून तेथील हजारो कुटुंबांना चित्ता कॅम्पमध्ये नेऊन टाकण्यात आले. म्हणजे माणसे आपण होऊन कचऱ्याकडे गेली नाहीत. शहराला नकोशी झालेली माणसे आणि नकोसा झालेला कचरा यांची रवानगी शासनाने एकाच दिशेला केली. या साऱ्या वस्त्या ज्या ‘एम पूर्व’ विभागात मोडतात, तो मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांच्या तळाशी होता, यात नवल ते काय?

कायदा या माणसांच्या बाजूने किती उभा राहतो, हेही पाहण्यासारखे आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे प्रकल्प निवासी भागापासून शक्यतो 500 मीटर अंतरावर असावेत, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सारी मेख या ‘शक्यतो’मध्ये आहे. मलबार हिलवर हे अंतर नेहमीच शक्य होते आणि गोवंडीत ते कधीच शक्य होत नाही. जमिनीचा भाव चढा असेल तेथे ‘शक्यतो’चा अर्थ ‘अवश्य’ असा होतो. भाव कमी असेल तेथे त्याच शब्दाचा अर्थ ‘जमल्यास’ असा लावला जातो.

हा निव्वळ अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईचा परिणाम मानणे चुकीचे ठरेल. यामागे एक पक्के अर्थशास्त्र आहे. के. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने 1950 साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहून असे दाखवले, की नफ्याचा एक मोठा भाग उत्पादनाचा खरा खर्च दुसऱ्यावर ढकलून मिळवलेला असतो. हा खर्च कोणाच्याही जमाखर्चात दिसत नाही. तो खोकल्यात, औषधाच्या बिलात आणि बुडालेल्या रोजात दिसतो. जागतिक बँकेचे तत्कालीन प्रमुख अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीच्या डिसेंबर 1991 मधील टिपणात तर हे तत्त्व उघडच मांडले होते. विषारी कचरा सर्वांत कमी मजुरीच्या देशात टाकणे हिशेबाला धरून आहे, असा त्यातील युक्तिवाद होता. पुढे ते उपरोधाने लिहिले होते, असा खुलासा झाला. पण जगाचा आणि मुंबईचा व्यवहार त्या उपरोधाबरहुकूमच चालत आला आहे. ज्याची मजुरी कमी त्याच्या आजाराची किंमत कमी, हा तो हिशेब. धूर येतो म्हणून जमीन स्वस्त होते आणि जमीन स्वस्त म्हणून नवा धूर तेथेच आणला जातो.

हा हिशेब कधी बिघडतो, याचा धडा 2016 ने दिला. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस देवनारच्या कचऱ्याला मोठी आग लागली आणि महापालिकेला आसपासच्या 70 हून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर दूरवरच्या उंच इमारतींच्या खिडक्यांपर्यंत पोहोचला, तेव्हा कोठे तो राष्ट्रीय प्रश्न झाला. 29 फेब्रुवारी 2016 रोजी उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या अव्यवस्थेमुळे मुंबईत नव्या इमारतींना परवानगी देण्यावर बंदी घातली. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर उठवली. दोन वर्षे बांधकामे अडली म्हणून कचऱ्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी त्याआधीच्या कित्येक दशकांत मुलांची छाती भरून आली म्हणून झाली नव्हती.

आता स्थानिक राजकारणाकडे वळू. निवडणूक जवळ आली की बहुतेक पक्षांचे पुढारी ‘कचरा हटाव’ची घोषणा देतात. ही घोषणा स्वस्त आहे, कारण तिच्यामुळे शहरातील कोणालाही काहीच बदलावे लागत नाही. मुलुंडचे कचरा मैदान 2018 मध्ये बंद झाले. मुंबईचा कचरा त्यामुळे किलोभरही घटला नाही. त्याचा मोठा भार कांजूरमार्गवर पडला आणि दुर्गंधीची तक्रार विक्रोळीच्या कन्नमवारनगरातून येऊ लागली. रुग्णालयांची भट्टी खालापुरात नेण्याच्या मार्गातही हाच धोका आहे. गोवंडीचा कामगार सुटेल आणि खालापूरचा शेतकरी अडकेल. दोघेही आपले, मग समाजवादी पक्षाने कोणत्या तोंडाने एकाच्या सुटकेचे पेढे वाटावेत?

म्हणून ‘हटाव’च्या आधी ‘घटवा’ ही मागणी आली पाहिजे. रुग्णालयांतून निघणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी केवळ सुमारे 15 टक्के धोकादायक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो उरलेल्या कचऱ्यात मिसळला की सगळाच धोकादायक होतो आणि भट्टीची भूक वाढते. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळाले की डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. तेव्हा शहरातील पंचतारांकित रुग्णालयाच्या वॉर्डात कचरा नीट वेगळा होतो की नाही, यावर खालापूरच्या आकाशाचा रंग ठरणार आहे. नगरपालिकांच्या कचऱ्याबाबतही 2016 च्या नियमांनी मोठ्या गृहसंकुलांना आणि आस्थापनांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवण्यास सांगितले होते. मुंबई महापालिकेने 2017 मध्ये 20 हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांना तशी मुदतही दिली. झोपडी तोडताना दिसणारी तत्परता या मुदतीच्या वेळी मात्र दिसली नाही.

आणखी एक वर्ग या वादात विसरला जातो. देवनारच्या ढिगाऱ्यावर काच, लोखंड आणि प्लास्टिक वेचून शेकडो कुटुंबे जगत आली. शहराचा कचरा विनामोबदला कमी करणारे खरे सफाई खाते तेच. आगीनंतर त्यांच्यावरच संशय घेऊन मैदानाची दारे त्यांना बंद करण्यात आली. मैदान बंद करा म्हणणाऱ्या प्रत्येक मोर्चात या वेचकांच्या कामाच्या हक्काची मागणी नसेल, तर तो मोर्चा अर्धाच आहे. ओळखपत्र, सुरक्षित जागा आणि वर्गीकरण केंद्रांत वेतनाचे काम यांशिवाय कचरामुक्तीची भाषा त्यांच्यासाठी उपासमारीची भाषा ठरते.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे स्पष्ट आहे. गोवंडीच्या लढ्यात ज्यांनी भाग घेतला, त्यांनी आपले अर्ज, आरोग्याच्या नोंदी आणि न्यायालयीन कागद बांधून खालापूरच्या गावांत जावे. चिमणी उभी राहण्याआधी तेथील ग्रामसभांना हा अनुभव सांगावा. धुरातील घटकांची रोजची मोजणी प्रवेशद्वारावर, वाचता येईल अशा भाषेत लावण्याचा आग्रह दोन्ही ठिकाणांहून एकाच वेळी व्हावा. आणि तितकाच नेटाचा मोर्चा, कचरा जेथे निर्माण होतो त्या रुग्णालयांच्या आणि संकुलांच्या दारावर जावा. गोवंडी आणि खालापूर एकमेकांविरुद्ध भांडत राहिले, तर शहराला ‘शक्यतो’ हा शब्द सुखाने वापरता येईल. ते एकत्र आले, तर तो शब्द नियमातून खोडावा लागेल.