'खंडे किती?' हा प्रश्न परीक्षेत नको

आमच्या शेजारच्या आठवीतल्या मुलीचा सहामाही परीक्षेत एक गुण गेला. प्रश्न होता, 'पृथ्वीवर खंडे किती?' तिने लिहिले, 'सहा. कारण युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही.' त्यावर लाल फुली आली. पेपर घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, नकाशात तरी कुठे आहे समुद्र?"

मुलांनो, मी बाईंना दोष देत नाही. शंभर पेपर तपासायचे, तर उत्तर एकच ठरलेले हवे. दोष प्रश्नाचा आहे. आपल्याकडे खंडे सात मोजतात. दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत शाळेतली मुले दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड मानतात. ऑलिंपिकच्या ध्वजावरची वर्तुळे पाचच आहेत. युरोप आणि आशिया यांच्यामधली सीमा म्हणून उरल पर्वत दाखवतात. पण तो काही समुद्र नव्हे, आणि फार उंचही नाही. महासागरांचे तेच. दक्षिण महासागर वेगळा मोजावा की नाही, यावर देशादेशांचे अजून पुरते एकमत नाही. पाण्याला त्याचे काय? ते सगळीकडे सलगच आहे.

मग खंड म्हणजे केवळ माणसाने ओढलेली रेघ, असे समजायचे का? मुळीच नाही. खंड आणि महासागर यांच्यात खराखुरा भेद आहे आणि तो फार सुंदर आहे. आकडा घोकण्याच्या नादात तो आपल्या नजरेआड होतो, ही माझी तक्रार आहे.

अशी कल्पना करा की सगळ्या समुद्रांचे पाणी काढून टाकले आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक ठिकाणाची उंची मोजली. डोंगर थोडे, दऱ्या थोड्या आणि बहुतेक भाग मधल्याच उंचीचा, असे आढळेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे जणू दोन मजले आहेत. एक समुद्रसपाटीच्या थोडा वर, दुसरा तिच्याखाली चार ते पाच किलोमीटरवर. मधल्या उंचीचा भाग त्या मानाने कमी आहे. खंडे सरकतात असे १९१२ साली मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने या दोन मजल्यांकडे मुद्दाम बोट दाखवले होते.

दोन मजले कशामुळे? पाण्यात एक जाड, हलका ओंडका आणि एक पातळ, जड फळी सोडून पाहा. ओंडका पाण्याबाहेर बराच वर राहील, फळी खाली राहील. खंडांचे कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड आणि मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांचे आहे. महासागरांच्या तळाचे कवच जेमतेम ७ किलोमीटर जाड आणि बेसाल्टसारख्या जड खडकांचे आहे. वयातही फरक आहे. खंडांवर ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडले आहेत. मोठ्या महासागरांचा तळ मात्र २० कोटी वर्षांहून जुना सापडत नाही. तो सागरी पर्वतरांगांपाशी सतत नवा तयार होतो आणि अन्यत्र पृथ्वीच्या पोटात परत जातो.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. पाणी सुरू झाले की खंड संपला, असे आपण धरून चालतो. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, 'सागर सम्राट' या जहाजाने विहीर खणली आणि तेल मिळाले. तेच आजचे मुंबई हाय. तिथे पाणी किती खोल असेल? सुमारे ७५ मीटर! मुंबईचा राजाबाई टॉवर तिथे नेऊन उभा केला, तर त्याचे टोक पाण्याबाहेर राहील. कारण ती समुद्रबूड जमीन आहे, म्हणजे पाण्याखाली गेलेली खंडाचीच कड. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा या भागातून चालत जाता आले असते. तुमच्या नकाशासंग्रहात किनाऱ्यालगतचा फिकट निळा पट्टा पाहा. मुंबईसमोर तो किती रुंद आहे आणि केरळसमोर किती अरुंद, ते स्वतः मोजा. खंडाची खरी हद्द त्या पट्ट्याच्याही पलीकडे, जिथे तळ उताराने खाली जातो तिथे आहे.

एखादा चौकस विद्यार्थी इथे मला अडवील. "सागरतळ बेसाल्टचा म्हणता, मग आमचा सह्याद्रीही बेसाल्टचाच आहे. महाराष्ट्र म्हणजे सागरतळ का?" शंका अगदी रास्त आहे. मला तर ती पाठ केलेल्या दहा उत्तरांपेक्षा मोलाची वाटते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि जुन्या खंडावर थरावर थर पसरला. भाकरीवर पिठले वाढावे तसा. खाली भाकरी आहेच! कोयनेला १९६७ साली मोठा भूकंप झाला. तिथल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी अलीकडच्या काळात खोल छिद्रे घेण्यात आली. त्यांपैकी एकात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट जातीचा जुना खडक लागला. चंद्रपूर-भंडाऱ्याकडे आणि सिंधुदुर्गात तर असे जुने खडक उघड्यावर दिसतात.

उलट उदाहरण न्यूझीलंडचे. त्याच्या भोवती सुमारे ४९ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश खंडाच्या जातीच्या खडकांचा आहे. पण त्यातला ९४ टक्के भाग पाण्याखाली आहे. त्याला 'झीलँडिया' नावाचे स्वतंत्र खंड मानावे, असे काही भूवैज्ञानिकांनी २०१७ साली मांडले. म्हणजे आपला सातचा आकडाही उद्या बदलू शकतो.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच. खंडांची नावे मुलांना यायलाच हवीत. त्यांच्यावाचून नकाशा वाचता येणार नाही. पण गुण 'किती'ला देऊ नका, 'कशावरून'ला द्या. 'युरोप आणि आशिया वेगळी खंडे मानावीत का? तुमचे मत कारणासह लिहा,' असा प्रश्न तपासायला वेळ जास्त लागेल, हे मान्य. तरी वर्गातला एक तास तरी त्यासाठी काढता येईल.

मी त्या शेजारच्या मुलीला विचारले, "मुंबई हाय कुठे आहे? खंडावर की समुद्रात?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "दोन्हीकडे." मग लगेच विचारले, "पण काका, याला गुण किती?"