गेज लावला की फुस्स! हवा जाते कुठून?

"हवा किती आहे ते बघायला गेलो आणि होती तेवढीही घालवून बसलो," ही तक्रार रिक्षा-स्कूटर चालवणाऱ्या बांधवांकडून आम्ही नेहमी ऐकतो. आता भगिनीही गाडीवरून कामाला जातात. दुकानात त्यांनी तोंड उघडायच्या आधीच "ताई, ट्यूब बदला" असे सांगून मोकळे होणारे महाभाग आहेत. ट्यूब खरोखर गेली असेल तर बदललीच पाहिजे. पण पुष्कळदा दोष ट्यूबचा नसतोच. तो गेज धरणाऱ्या हाताचा असतो, गेजमधल्या रबराचा असतो, नाहीतर नखाएवढ्या पिनेचा असतो. ज्याची चूल रोजच्या भाड्यावर पेटते, त्याला यातला फरक ठाऊक असायला हवा.

आधी व्हॉल्व्ह म्हणजे काय ते पाहू. बोलताना आपण त्याला 'वॉल' म्हणतो. मोटार, रिक्षा, स्कूटर, मोटारसायकल या सगळ्यांच्या चाकाला जो व्हॉल्व्ह असतो त्याला श्रेडर व्हॉल्व्ह म्हणतात. अमेरिकेत १८९३ साली त्याचे पेटंट निघाले आणि आजही तीच रचना चालते. पितळी नळीत एक बारीक पिन, तिला स्प्रिंग, आणि पिनेच्या खालच्या टोकाला हवा अडवणारे रबर. पिन दाबली की वाट उघडते, सोडली की बंद होते. एवढेच.

गेजच्या तोंडातही दोन वस्तू असतात. मधोमध एक खुंटी आणि तिच्याभोवती रबराचा वायसर. खुंटी पिनेला दाबते आणि त्याच वेळी वायसर नळीच्या काठावर घट्ट बसतो. गेज सरळ, एका दमात दाबला तर क्षणभर 'फुस्' होते आणि लगेच आवाज थांबतो. ती क्षणभराची हवा जाणारच, तिची चिंता नको. पण गेज तिरपा लागला तर खुंटी पिन उघडते आणि वायसर मात्र एका बाजूने उघडा राहतो. मग हवा सूं करत जात राहते आणि आकडाही खरा येत नाही, कमीच येतो. स्कूटरच्या चाकात मुळात हवा थोडी मावते. मोटारीला न जाणवणारी गळती तिला लगेच जाणवते.

आता दोष ओळखायचा कसा? लागोपाठ तीनदा गेज लावून बघावा. पेन्सिलसारखा गेज असेल तर त्याची पट्टी दर वेळी आत ढकलून मगच लावावा, नाहीतर जुनाच आकडा दिसतो. तिन्ही वेळा आकडा जवळपास तोच आला तर सगळे ठीक. आकडा कधी २४, कधी २८, कधी २५ असा नाचत असेल तर हात सरळ बसत नाही असे समजावे. त्यातला सर्वांत मोठा आकडा खऱ्याच्या जवळचा असतो, कारण गळतीने आकडा घटतो, वाढत नाही. आणि आकडा दर वेळी खालीच उतरत गेला, हात सरळ असूनही सूं-सूं थांबली नाही, तर गेजचा वायसर पाहावा. तो उन्हातेलाने कडक होतो, चिरतो. खात्री करायची असेल तर तोच गेज शेजारच्या गाडीला लावा. तिथेही हवा गेली तर गेज दोषी, तुमची ट्यूब नव्हे.

खरा प्रश्न गेज काढल्यानंतरचा आहे. गेज बाजूला झाला तरी बारीक आवाज येत असेल तर पिन नीट बसलेली नाही. पंक्चरवाले काका व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावतात ते उगीच नाही. आपण कपड्याच्या साबणाचे पाणी लावावे, तेच काम होते. बुडबुडा फुगला तर गळती तिथेच आहे. बहुतेक वेळा पिनेत धुळीचा कण अडकलेला असतो. पिन एकदोनदा झटकन दाबून सोडली तर कण हवेबरोबर उडून जातो. तरी बुडबुडे थांबले नाहीत तर पिन किंचित कसावी. खाच असलेले लोखंडी टोपण यासाठीच असते. जोर मात्र लावू नये, रबर चेपते. कसूनही गळत असेल तर पिन बदलावी. ती ट्यूबच्या मानाने फारच स्वस्त मिळते, आणि बदलायला चाक खोलावे लागत नाही.

बुडबुडे व्हॉल्व्हच्या तोंडाशी न येता बुडाशी आले तर मात्र प्रकरण वेगळे. ट्यूबलेस टायरच्या व्हॉल्व्हची रबरी दांडी जुनी होऊन बुडाशी चिरते. बोटाने ती हळूच वाकवून बघावी, चीर उघडी पडते. ट्यूबच्या गाडीत व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून तिरपा झालेला दिसला तर कमी हवेवर गाडी चालवून ट्यूब आत सरकली आहे. ती बुडाशी फाटायला वेळ लागत नाही. असे चाक घेऊन भाडे मारू नये, आधी दुकान गाठावे. पुढच्या चाकाची हवा धावत्या गाडीत एकदम गेली तर हँडल हातात राहत नाही, आणि मागे बायको-लेकरे बसलेली असतात.

हवा बघायची ती सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी. चालून आलेले टायर तापते आणि आकडा तीन-चार पौंड जास्त दाखवतो. काही जण तो जास्तीचा आकडा पाहून हवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी "गळती आहे" म्हणून दुकानात जातात! थंडीचेही तसेच. मोटारीच्या टायरात साधारण पाच-सहा अंश सेल्सिअस उतरले की पौंडभर आकडा खाली येतो. शिवाय धडधाकट टायरातूनही महिन्याला पौंड-दीड पौंड हवा झिरपतच असते. तेव्हा एवढ्या तेवढ्या फरकाने घाबरू नये. आठवड्यात चार-पाच पौंड गेले तर मात्र शोध घ्यावा. किती हवा भरायची तो आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा गाडीवरच्या पट्टीवर असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

पेट्रोल पंपावर हवा मोफत द्यायची असते, हेही सांगून ठेवतो. तिथला माणूस नळी तिरपी धरून घाईने उरकत असेल तर "दादा, जरा सरळ धरा" म्हणायला संकोचू नये.

मुलांच्या सायकलीबद्दलही अनेकजण विचारतात. आपल्याकडच्या साध्या सायकलीचा व्हॉल्व्ह निराळा असतो. त्यात दाबायची पिन नसते, हवा अडवणारी रबराची बारीक नळी असते, ती 'वॉलट्यूब'. त्याला मोटारीचा गेज लागतच नाही. लावून आकडा आला नाही म्हणून व्हॉल्व्ह खराब ठरवू नये. सायकलची हवा रात्रीतून उतरत असेल आणि पाण्यात धरून ट्यूबला कुठे बुडबुडा दिसत नसेल तर व्हॉल्व्हचा नट सोडून ती रबरी नळी पाहावी. चिकट झालेली, चिरलेली असेल तर नवी चढवावी. थोडे पाणी लावले की ती सहज सरकते. सातवी-आठवीतले पोर हे काम घरी करू शकते, मुलगी असो की मुलगा.

आणि व्हॉल्व्हची टोपणे हरवली असतील तर आजच आणून बसवा. पिनेत जाणारी धूळ तिथूनच जाते.