कोडीं : खेळ कीं शिक्षण?

लहान मुलांच्या हातीं कोडें दिलें कीं आमच्यांतील पुष्कळ सद्गृहस्थांस शाळेचा वेळ फुकट गेला असें वाटतें. 'मुलें शाळेंत खेळतात' ही तक्रार ते अशा सुरांत करितात, कीं जणूं काय मुलें तेथें चोऱ्याच करितात!

वस्तुतः तुकडे जुळविण्याचें कोडें निघालें तेंच शिकविण्यासाठीं. १७६० नंतरच्या दशकांत लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिरानें नकाशा लांकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला, व तो भूगोल शिकविण्याचें साधन म्हणून विकावयास काढला. तें कोडें श्रीमंतांच्या घरचें. आज तेंच काम जुनी दिनदर्शिका, खोक्याचा पुठ्ठा, खळ व कात्री एवढ्यांत भागतें.

ज्या शाळेंत साधनें थोडीं व शिक्षक त्याहून थोडे, तेथें याची गरज अधिक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस शिक्षक ठरविले २. इयत्ता मात्र ५. एका इयत्तेस शिकवीत असतां दुसरीनें हाताची घडी घालून बसावें, हा खेड्यांतील नित्याचा देखावा. पाटीवरची बेरीज चुकली हें गुरुजींनीं पाहिल्यावांचून मुलास कळत नाहीं. कोड्याचा तुकडा चुकला तर तो बसतच नाहीं. मूल तो फिरवून पाहतें, ठेवून देतें, दुसरा उचलतें. तेथें छडीचें काम नाहीं व शेऱ्याचेंहि नाहीं. चित्र व त्याचें नांव, ७ हा अंक व ७ ठिपके, अशा जोड्या कराव्या आणि प्रत्येक जोडीची कड निराळ्या वळणानें कापावी, म्हणजे खरी जोडीच जुळते. आरंभीं ४ तुकडे पुरेत. २० दिले तर मूल कंटाळतें आणि दोष कोड्यास लागतो.

हें परदेशी खूळ आहे असें ज्यास वाटेल, त्यानें ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें आरंभिलेलें व पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथें चालविलेलें काम आठवावें. तेथें आदिवासी मुलांच्या शिक्षणाचीं साधनें होतीं शिंपले, खडे व बिया.

खरी अडचण पैशाची नाहींच. केंद्र सरकारनें २०२३ सालीं ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीं 'जादुई पिटारा' हा संच काढला; त्यांत कोडींहि आहेत. परंतु शाळेंत आलेली वस्तु जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहींत चढली, कीं ती हरवूं न देणें हेंच शिक्षकाचें पहिलें कर्तव्य होऊन बसतें. एक तुकडा हरपला तर तपासणीच्या वेळीं जाब कोण देणार? त्यापेक्षां कपाटास कुलूप बरें! आम्ही वकिलीच्या भाषेंत सांगतों : जी वस्तु योग्य उपयोग केला असतां झिजणारच, तिच्या झिजेचा दोष उपयोग करणाऱ्यावर येत नाहीं. खडू संपला म्हणून कोणी गुरुजींचा जबाब घेतला आहे काय? कोड्यांस तोच न्याय लावावा व तसें शिक्षणखात्यानें शाळांस लेखी कळवावें. तोंडी आश्वासनावर शिक्षकांनीं विसंबावें असा आमचा सल्ला नाहीं.

व्यापारी मंडळींस एवढीच विनंति, कीं दुकानाचें नांव छापून वांटलेल्या दिनदर्शिका वर्षाअखेर रद्दींत न घालतां जवळच्या शाळेंत पोहोंचवाव्या, व सोबत जाड पुठ्ठ्याचीं खोकीं द्यावीं. मिरची-मसाल्याचीं मात्र नकोत. त्यांची पूड मुलांच्या डोळ्यांत जाते.