क्यूआर कोडशेजारी एक ओळ हवी : बालभारतीला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे



दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. शिक्षक विद्युत मोटारीची आकृती फळ्यावर काढतात, भागांना नावे देतात, मुले ती वहीत उतरवून घेतात. परीक्षेपुरते भागते. मोटार फिरताना मात्र कित्येक मुलांनी पाहिलेली नसते.

ती फिरवायला लागणारे सामान ओंजळीत मावते : एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी, चुंबक आणि लेप असलेली तांब्याची तार. पद्मश्री अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर ही कृती फुकट बघायला मिळते. सगळी खुबी तारेच्या टोकांत आहे. लेप तीन बाजूंनी खरवडायचा, चौथ्या बाजूला तसाच ठेवायचा. सगळाच खरवडला, तर गुंडाळी जागच्या जागी डुलत राहते. दर फेरीत प्रवाह थोडा वेळ तुटला, तरच ती गरगर फिरते. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या मुलीला आकृतीतल्या दोन अर्धकड्या कशासाठी असतात, ते पाठ करावे लागत नाही.

अशा साहित्याची वाण नाही. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची अनेक सिम्युलेशन मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की ती नेटशिवाय चालतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी गोष्टींची पुस्तके मुक्त परवान्याखाली मिळतात, ती छापावीत, वाटावीत, त्यांचे भाषांतरही करावे. मराठी विश्वकोश ऑनलाइन खुला आहे. आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक तर बालभारतीनेच मुलांसाठी मोफत उपलब्ध केले आहेत.

अडते ते वाटेवर. उद्याच्या तासाला नेमके काय दाखवायचे, हे शोधण्यात शिक्षकाची संध्याकाळ जाते.

ही वाट दाखवण्याची ताकद पाठ्यपुस्तकाइतकी दुसऱ्या कशातच नाही, कारण घरात नेट नसलेल्या मुलाच्या दप्तरातही ते असते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड आणून दाखवला आणि त्यांच्या कामाला २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. आता पुस्तकांतले कोड ‘दीक्षा’ या मंचावर नेतात. पण त्या काळ्या चौकोनाआड काय आहे, हे स्कॅन केल्याशिवाय कळत नाही. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर गेला असेल, तर चौकोन मुकाच राहतो.

म्हणून बालभारतीला तीन विनंत्या. कोडखाली एक ओळ छापावी : आत काय आहे, किती मिनिटांचे आहे, किती एमबीचे आहे. प्रत्येक धड्याच्या शेवटी शिक्षकांनी वर्गात वापरून पाहिलेली दोन-तीन मराठी साधने नावानिशी द्यावीत. जिथे जमेल तिथे ‘किशोर’मधला एखादा जुना लेखही सुचवावा. आणि मंडळाच्या स्वतःच्या चित्रफिती उतरवून घेण्याची, पेनड्राइव्हवरून एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेण्याची मुभा स्पष्ट शब्दांत लिहून द्यावी.

सुरुवात दहावीच्या त्याच धड्यापासून व्हावी. मोटारीच्या आकृतीखाली सेल, पिना, रबर, चुंबक आणि तार एवढी यादी मावेल इतकी जागा निघू शकते.

कळावे,
शिक्षकांचा एक हितचिंतक